पुठ्ठ्याची पोरं आणि माझा मुका हात

त्या दुपारी घरात कोण कोण होतं ते आधी सांगते. मी, इंदूबाई. माझी सून मंगल, ती मोरीवर भांडी घासत होती. माझी नात कविता आणि तिच्या पाठचा दीपक. शेजारच्या लताबेन आमच्या उंबऱ्यात बसून पापडी निवडत होत्या. माझा मुलगा सुभाष वर माळ्यावर झोपला होता, त्याची लूमवर रातपाळी होती. आणि भिंतीला टेकून पुठ्ठ्याची पोरं उभी होती. ती पण होती असंच मी धरते.

मी तिसरीपर्यंत शिकले. आता उजव्या हातात पेन राहत नाही. म्हणून मी सांगते आणि कविता लिहिते. दवाखान्यातल्या नर्स बेन म्हणाल्या, "मावशी, तुमचं झालं ते लिहून ठेवा. नवीन बाया येतात, रोगाचं नाव ऐकतात आणि पुढचं काही ऐकतच नाहीत. त्यांना वाचून दाखवू." म्हणून हे.

पुठ्ठ्याची पोरं

आम्ही पारोळ्याकडचे. मालक लूमवर कामाला म्हणून सुरतेजवळ उधन्याला आले, त्यांच्यामागे मी. मालक गेले, सुभाष त्याच कामाला लागला. मी घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायचे. कारखान्याचा माणूस गठ्ठा टाकून जायचा, आमच्या ओळीतल्या सगळ्या बाया दारात बसून तेच करायच्या. एका हातात गमची नळी, दुसऱ्या हाताच्या बोटावर टिकली. दिवसभर.

त्या कामातून जे उरायचं ते पोरांचं. फुटक्या टिकल्या, लेसचे तुकडे, जरीची तार, सुताचे पुठ्ठ्याचे कोन, साडीचे खोके. दुसऱ्यांकडे ते सगळं चुलीत जायचं. आमच्याकडे नाही.

एकदा दीपक रडत होता म्हणून मी त्याला मोठ्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर निजवलं आणि कोळशाने त्याच्या भोवती रेघ ओढली. कापलं तर दुसरा दीपक निघाला. रडायचं राहिलं, तो त्याच्याकडे बघतच बसला. मग कविता म्हणाली, "मन्हं बी कर, आजी." तेव्हापासून दर दिवाळीला दोघांना पुठ्ठ्यावर निजवायचं आणि नवीन पोर काढायचं. जुन्याशेजारी नवीन उभं केलं की वर्षात किती वाढ झाली ते दिसायचं.

मी नुसते कपडे चिकटवत नव्हते. जसं पोर तसं करायचे. कविता फार बोलायची, तर तिच्या तोंडाच्या जागी बाटलीचं बूच लावलं, उघडं. दीपक एका जागी थांबायचा नाही, तर त्याला एक पाय आणि दुसरीकडे रिळाचं चाक. आणि त्याचं नाक बारमाही वाहायचं. मी नाकाखाली जरीची तार लावली, चकचकीत.

दीपक चिडला. "बा, ए काढी नाख!" तो मला बा म्हणायचा. ओळीतली गुजराती पोरं त्यांच्या आजीला बा म्हणतात म्हणून.

"तू पहिले तुन्हं काढ, मग मी त्यानं काढसू," मी म्हटलं.

कविता हसून हसून लोळली. मंगल मोरीवरून म्हणाली, "आत्याबाई, शेठनी जरी शे ती, नाकले लावाले नही." पण ती पण हसत होती. मी ऐकलं.

हात घट्ट झाला

माझ्या उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना आधी, मग सगळ्या हाताला काही कळेनासं झालं होतं. केव्हापासून ते सांगता येत नाही. टिकली बोटावर आहे की पडली ते बघावं लागायचं. मला वाटलं गम आहे. गम वाळला की बोटांवर साल चढते, ती रोज दगडाने घासून काढायची. आमच्या ओळीतल्या सगळ्या बायांची बोटं तशीच. एकमेकींना आम्ही म्हणायचो, "गमचा हात झाला गं." त्यात काय दाखवायचं?

कोपराच्या खाली एक चट्टा होता, फिकट, तांब्यासारखा. खाजत नव्हता, दुखत नव्हता. मी त्याला खोबरेल लावायचे.

आणि भाकरी मी चिमट्याशिवाय फिरवायला लागले. तव्यावरून थेट हाताने जाळावर. दीपक पोरांना बोलावून आणायचा. "जो, मारी बा दाझती ज नथी!" बाला भाजतच नाही म्हणे. पोरं रांगेत बसून बघायची. मला बरं वाटायचं. आमच्यात बाईचा हात घट्ट झाला म्हणजे ती खरी कामाची असं म्हणतात. माझी सासू तशीच होती. मला वाटलं, मी पण त्या पायरीला आले.

हे मी मुद्दाम सांगते. दुखत असतं तर मी पण दाखवलं असतं. दुखत नव्हतं, म्हणून मी त्याला माझी ताकद समजले.

डोळे बांधून

आमच्या खान्देशात भादव्यात गुलाबाई बसते. पोरी गाणी म्हणतात, आणि शेवटी खाऊ असतो. पण तो असा मिळत नाही. डबा झाकून आणतात, कानाजवळ हलवतात आणि आत काय ते ओळखायचं. शेंगदाणे वेगळे वाजतात, फुटाणे वेगळे. लाडू वाजत नाही, धप करतो. लहानपणी मी कधी हरले नाही. माझी आई म्हणायची, इंदीच्या कानाला जीभ आहे.

सुरतेत गुलाबाई कोण बसवणार? मी दोन चार पोरी जमवून बसवायचे. मग कवितेने तो खेळ आमच्या मालावर आणला. डोळे बांधायचे, हातावर एक वस्तू ठेवायची, ओळखायची. मणी, लेस, कापूस, बटण. जो ओळखेल त्याने ती वस्तू पुठ्ठ्याच्या पोराला लावायची.

त्या दुपारी माझी पाळी होती. कवितेने साडीच्या काठाने माझे डोळे बांधले. हात पुढे केला, उजवा.

"काय शे, सांग?"

"काहीच नही. ठेव ना लवकर."

"ठेवेल शे, आजी!"

दीपक खिदळला. मला वाटलं पोरं फसवतात. "चल, खोटारडी. ठेव."

"अवं ठेवेल शे! लेस शे मोठी!"

लताबेन पण हसायला लागल्या. मग हसणं थांबलं. मी तशीच बसले, डोळे बांधलेले, हात पुढे. म्हटलं, आता काहीतरी मोठं ठेवत असतील, विचार करत असतील. मी म्हटलं, "ठेवा रे लवकर, माले गठ्ठा पुरा करना शे."

लताबेन हळूच म्हणाल्या, "हाय हाय. लोही."

मी डोळ्यावरचं काढलं. कविता समोर उकिडवी बसली होती, टिकल्या उचलायची सुई तिच्या हातात. माझ्या चट्ट्यातून रक्ताची रेघ मनगटापर्यंत आली होती. तिने टोचून पाहिलं होतं. एकदा नाही, जागोजागी. आणि मी हसत बसले होते.

मंगल मोरीवरून उठून आली. तिने माझा हात पाहिला, चट्टा पाहिला. तिच्या माहेरच्या गावात नदीकडे एक म्हातारी राहायची, गावाबाहेर, तिला लांबून भाकरी ठेवत. हे मला पुढे कळलं. त्या वेळी तिने एवढंच केलं, दोन्ही पोरांना दंडाला धरून मोरीवर नेलं आणि त्यांचे हात साबणाने धुतले. परत धुतले. कविता रडत म्हणत होती, "माय, बस ना, माय." तरी ती धुतच होती.

डॉक्टरने तोच खेळ खेळला

दुसऱ्या दिवशी सुभाष पाळीवरून आला तो तसाच मला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "माजी, आंखें बंद करो. जहाँ लगे वहाँ उँगली रखो." आणि त्यांनी कापसाचं टोक माझ्या हातावरून फिरवलं. मला हसू आलं. सुभाषला म्हटलं, "हाऊ ते आपला पोरेसना खेय शे."

सुभाष हसला नाही. मी डोळे मिटले होते, पण माझं बोट कुठे जात नव्हतं.

डॉक्टरांनी नाव हिंदीत सांगितलं. सुभाष खाली फरशीकडे बघत राहिला. मग मी विचारलं, "महारोग का?" ते म्हणाले, "हां, लोग ऐसा बोलते हैं. लेकिन अब दवा है. पूरा ठीक होता है. दवा चालू हुई तो किसी को नहीं लगेगा." त्यांनी माझा हात त्यांच्या हातात धरून ठेवला होता, उघड्या हातात. हे सगळं बोलेपर्यंत सोडला नाही. ते मी विसरत नाही.

मी एकच विचारलं, "पोरेसले जवळ लेता यील?" सुभाषने हिंदी करून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "क्यों नहीं? बच्चों को एक बार ले आओ, जाँच लेंगे."

पण आम्ही घरी पोचलो तेव्हा मंगलने पोरांचे कपडे पिशवीत भरले होते.

रिकामं घर

पोरांची तपासणी झाली. दोघांना काही नव्हतं. मंगलने ते ऐकलं आणि त्याच दिवशी सांजच्या गाडीने पोरं तिच्या माहेरी घेऊन गेली. जाताना दीपकला वाटलं सुट्टीला चाललो. त्याने मला लांबूनच हात हलवला. कवितेला सगळं कळत होतं. ती दारातून मागे वळली नाही. मला वाटलं, घाबरली. तसं नव्हतं, ते पुढे सांगते.

मला वाटलं मंगल पण आता येत नाही. ती आली. पोरं तिथे सोडून एकटी परत आली. तिच्या आईने तिला अडवलं होतं म्हणे, "तू कसाले जास?" ही म्हणाली, तिथे दोन जणांना रांधायला कोणी नाही.

तिने माझं ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला, गोधडी वेगळी वाळत घातली. आणि वेळेला गरम जेवायला घातलं, एक दिवस चुकवला नाही. गोळ्या घेतल्या की नाही ते विचारायची. लोकांना दोन्ही एका बाईत बसत नाही असं वाटतं. बसतं.

एकदा मी म्हटलं, "मंगल, डॉक्टरने सांगितलं ना, औषध चालू आहे, आता लागत नाही. पोरं आण."

ती भाजी चिरत होती. तशीच म्हणाली, "आत्याबाई, तुम्हले काही दुखस नही, ते तुम्हनं. माले दुखस ना. मी मना पोरं सोडीसन आठे बठेल शे."

परत मी ते विचारलं नाही.

पुठ्ठ्याची पोरं तिने भिंतीवरून काढून पेटीमागे सारली होती. जाळायला निघाली होती, सुभाषने जाळू दिलं नाही. एका दुपारी मी बाहेरून आले तर ती पेटीजवळ खाली बसलेली. पुठ्ठ्याचा दीपक तिच्या मांडीवर. त्याच्यावर धूळ बसली होती, ती पदराने पुसत होती. तोंड पुसलं, कपाळ पुसलं. मग नाकाखालची जरी पुसली, जसं पोराचं नाक पुसतात तसं, दोन बोटात धरून.

मी दारातूनच मागे फिरले. नळावर उगाच जाऊन उभी राहिले.

काळं तोंड

गोळ्यांचं एक सांगते, कारण नवीन बाया याला फार भितात. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली. मला वाटलं रक्त. बेन म्हणाल्या, "दवेचा रंग आहे, मावशी." मग हळूहळू अंग काळं पडलं. तोंड, हात, सगळं तांबूस काळं. ओळीतल्या बाया बोलायच्या नाहीत, पण गमची नळी मागायला कोणी यायचं नाही. कारखान्याच्या माणसाने गठ्ठा टाकणं बंद केलं. लताबेन तेवढ्या यायच्या. लांब बसायच्या, पण यायच्या. म्हणायच्या, "इंदुबा, तमे तो पाक्कां जांबू जेवां थई गयां." पिकलं जांभूळ झाले म्हणे मी. मी म्हटलं, "मग खा." दोघी हसलो.

गोळ्या थांबल्या की रंग जातो. माझा गेला.

वॉर्ड

मधे माझा हात सुजला. कोपरापासून कळ निघायला लागली. इतके दिवस काही दुखत नव्हतं आणि आता अशी कळ, की मी देवाला म्हटलं, हेच आधी का नाही दिलंस. शेवटची दोन बोटं वाकली, सरळ होईनात. मला गावाबाहेरच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं, सचिन गावाकडच्या रस्त्याला.

तिथला दिवस असा. सकाळी हात पाय पाण्यात भिजवून बसायचं, मग तेल. मग गरम मेणात हात बुडवायचा, काढायचा, परत बुडवायचा. हातावर मेणाचा मोजा चढतो. तो निघाला की बोटं जरा ऐकतात, तेव्हा ओढून व्यायाम. संध्याकाळी बेन सगळ्यांना एकच काम द्यायच्या, आपले हात पाय उलटेपालटे करून डोळ्यांनी बघा. कापलं का, भाजलं का. "ते तुम्हाला सांगणार नाहीत," बेन म्हणायच्या, "तुम्हीच विचारायचं." तान्ह्या पोराचं बघतात तसं आम्ही म्हाताऱ्या आमच्या पायांचं बघायचो.

माझ्या शेजारच्या खाटेवर जमनाबा होत्या, वलसाडकडच्या. त्यांना भेटायला कोणी येत नव्हतं. त्या मला विचारायच्या, "तारे केटलां?" मी सांगायचे, दोन नातवंडं, एक बोलणारी, एक नाक वाहणारा.

मी बेनकडे पुठ्ठा मागितला. कात्री पण मिळाली, पण मी उजवा अंगठा कापून घेतला आणि मला कळलं नाही, पुठ्ठाच लाल झाला तेव्हा कळलं. बेनने कात्री काढून घेतली. मग मी डाव्या हाताने पुठ्ठा फाडायला लागले. माझी पोरं आता फाटक्या काठांची झाली. गम नव्हता, भाताची शितं लावली. टिकल्या नव्हत्या. गोळ्यांची रिकामी पानं होती, चांदीसारखी. त्यांचा दीपकला सदरा केला. जमनाबा त्यांची पानं जपून ठेवायच्या आणि माझ्या खाटेवर टाकायच्या. "ले, तारां छोकरांनां झभलां."

एक अडचण होती. माप घ्यायला पोर नव्हतं. आधी मी जुन्या मापाने केली. मग वाटलं, ती तर वाढली असतील. सुभाष पोरांकडे गावाला जाऊन आला की मी विचारायचे, "किती झाली?" तो उभा राहून हाताने दाखवायचा. कविता छातीशी, दीपक पट्ट्याच्या वर. त्याच्या पट्ट्यापासून मी माप घ्यायचे. खाटेला टेकून उभं करून बघायचे. जमनाबा म्हणायच्या, "ऊंचो थई गयो." मला आनंद व्हायचा आणि लगेच जायचा. माझ्या हाताखाली तो वाढला नव्हता ना.

सुभाष गावाला जायचा तेव्हा मी डबा द्यायचे. साडीचं खोकं किंवा बिस्किटाचा पत्र्याचा डबा, आत काहीतरी केलेलं. सुताच्या कोनाचा बैल पोळ्याला, रिळाची गाडी, पुठ्ठ्याची छोटी कविता. वरून सुतळीने बांधायचे. म्हणायचे, "उघडायच्या आधी हलवायला सांग."

तो परत आला की मी विचारायचे. तो म्हणायचा, "खूश झाली पोरं." त्याच्याने खोटं बोलवत नाही, त्याचे कान लाल होतात. तरी मी ते खरं धरलं.

एकदा कळ फार होती, काही जमेना. मग मी जुन्या लुगड्याच्या कापडावर माझा वाकडा हात ठेवला, बेनकडून रेघ मारून घेतली. जमनाबांनी शिवला, मी कापूस भरला. कापडाचा हात, शेवटची दोन बोटं वाकलेली. खोक्यात घातला. म्हटलं, झोपताना डोक्यावर ठेवतील.

आखाजीला

गोळ्या संपल्या. डॉक्टरांनी मंगलला समोर बसवून सांगितलं, रोग गेला. बोटं वाकडी राहतील, हाताचं कळणं परत येणार नाही, ते आधी उशीर झाला म्हणून. पण रोग नाही. मंगल ऐकून घेऊन उठली. घरी येऊन तिने माझा तांब्या घासला आणि बाकीच्या तांब्यांत ठेवून दिला. मग म्हणाली, "आखाजीले मी माहेरी जासू. येतांना पोरेसले लई येसू."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात, झोके खेळतात. मी त्या दिवशी घर सारवल्यासारखं पुसून काढलं. पेटीमागची पोरं काढून भिंतीला उभी केली.

आली तेव्हा मी ओळखलंच नाही असं नाही, पण वेळ लागला. कविता मंगलच्या खांद्याला आलेली. पुठ्ठ्याची कविता तिच्या हनुवटीला लागत होती. दीपक दारातच थांबला. नाक कोरडं. मी म्हटलं, "ये ना रे." तो म्हणाला, "आजी, मी आठेच बठस." बा म्हणाला नाही. गुजराती विसरून आला होता. आणि जिथे लताबेन बसायच्या तिथे उंबऱ्यात बसून राहिला.

कवितेच्या हातात गोणपाट होतं. तिने माझ्यापुढे उलटं केलं. माझे सगळे डबे. सुतळी जशी मी बांधली तशी. एक पण उघडला नव्हता.

मंगलच्या आईने ते घरात घेतले नव्हते. गोठ्यात, कडब्याच्या माळ्यावर टाकले होते. पोरांना सांगितलं होतं, हात लावला तर बोटं गळतील.

"मी उघाडं नही, आजी," कविता म्हणाली. "वर चढीसन हालाऊ फक्त. माले समजे." आणि तिने एकेक डबा उचलून हलवला. यात बैल आहे, शिंगं पत्र्याला लागतात. यात गाडी, चाकं घरंगळतात. यात तुझ्या गोळ्यांची पानं, ती कुजबुजतात. एकेक उघडला. सगळं बरोबर. इतके दिवस कडब्यात बसून ती माझे डबे ऐकत होती.

एक राहिला. "हाऊ वाजेच नही," ती म्हणाली. "मी खूप हालायं. माले वाटे, यामा तू काहीच टाकेल नही. तू मनावर चिडेल शे."

"तुझ्यावर का चिडेन मी?"

तेव्हा तिने तोंड उघडलं. "मी टोचं ना सुई. मी टोचं नसतं ते कोणले समजतं नही. मी तुन्हा खेय मोडा."

म्हणून ती दारातून मागे वळली नव्हती. दोन आखाज्या तिने हे पोटात ठेवलं होतं आणि मला कोणी सांगितलं नाही. मी तिला माझी पाची बोटं दाखवली. म्हटलं, "तू टोचलं म्हणून ही आहेत. नाहीतर मी भाकरी फिरवत बसले असते आणि एक दिवस बोट तव्यावर राहिलं असतं."

तिने खोकं उघडलं. कापडाचा हात बाहेर काढला, उलटापालटा केला, आपल्या मांडीवर ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, डोया मिट."

मला नको होतं. पण मी मिटले, आणि उजवा हात पुढे केला.

बराच वेळ गेला. उंबऱ्यात दीपक नखाने काहीतरी खरवडत होता, ते ऐकू येत होतं. मंगल चुलीपाशी होती, तिच्या बांगड्या थांबल्या होत्या. मी म्हटलं, "ठेव ना."

कविता म्हणाली, "ठेवेल शे, आजी."

डोळे उघडले तर तिचा हात माझ्या हातात होता. बोटांत बोटं घालून, घट्ट. केव्हाचा.

एवढं लिहून कविता थांबली आहे, म्हणून आता आटपते. दीपक अजून उंबऱ्यातच बसतो. काल बसल्या जागेवरून त्याने विचारलं, पुठ्ठ्याच्या दीपकच्या नाकाला ते काय लावलंय. मी म्हटलं, "जवळ येऊन बघ." आला नाही. येईल.

वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं. आज घरी गेलात की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला डोळे मिटायला सांगा आणि हातावर कापूस ठेवा. ओळखला तर दोघं मिळून हसा. नाही ओळखला तर दवाखान्यात घेऊन जा, उद्यावर टाकू नका. आणि पोरं त्यांच्याजवळ राहू द्या.